म्हायेरची वाट

दोडामार्गाकडे रेंज नसते, म्हणून भाईमामाच्या मुलीच्या लग्नाला निघताना मी मालवणातच फोनमध्ये नकाशा डाउनलोड करून घेतला. एका तिठ्यावर आई म्हणाली, "झिला, हय डाव्या हाताक वळ. माज्या म्हायेरची वाट ती."

मी म्हटलं, "आई, या फोनला सगळं कळतं. तू गप्प बस."

मी फोन सांगेल तिकडे गाडी वळवली. फोनने आम्हाला रबराच्या बागेतल्या कुलूपबंद फाटकासमोर नेलं आणि पोहोचल्याचं कळवलं.

मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाईमामा रडवेला झाला होता. "पोरीची एकच आते तू. खंय रवलंस गो?"

 

आई म्हणाली, "माकाच वाट आठवाक नाय रे. ह्या बिचाऱ्यान धा येळा इचारल्यान."