काळपट

"अहो, फांदीवर काठी मारायचीय, तिला थोपटायचं नाहीये," बायको म्हणाली.

ती निलगिरीखाली घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिची नजर गेल्यापासून झाडाखाली कुणी आलंच नव्हतं. मास्तर एका हातात उलटी छत्री आणि दुसऱ्यात काठी घेऊन अवघडून उभे होते. हे काम कायम तिचं. ती झाडं झोडपून भुंगेरे आणायची, टाचणीला लावून पेट्यांत ठेवायची. मास्तर टेबलाशी बसून, भिंगातून बघून, जाडजूड पुस्तकाच्या आधाराने चिठ्ठीवर त्यांची नावं लिहायचे. सगळ्या पेट्यांना नावं मिळाली होती. एकीवर तेवढं त्यांनी 'काळपट, निलगिरीवरचे' लिहून सोडून दिलं होतं. उद्या संग्रहालयाची माणसं पेट्या न्यायला यायची होती. बिननावाची पेटी नेत नसत, आणि ही नेमकी तिची लाडकी.

"तुझे हे काळे पुस्तकात कुठे सापडतच नाहीत," सकाळी ते म्हणाले होते.

"काळे?" ती हसली होती. "चला झाडाखाली."

मास्तरांनी काठी हाणली. पानांचा उग्र वास सुटला. छत्रीत टपटप काहीबाही पडलं: डहाळ्या, एक कोळी, आणि पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करणारा वाटाण्याएवढा भुंगेरा. त्यांनी तो तळहातावर घेतला. गडद पाठ, तिच्यावर तेच बारीक ठिपके. पेटीतलाच. पण कडेने सोन्याची रेघ.

"अगं, हा तर..." पुस्तकातलं ते पान त्यांनी कितीदा तरी उलटलं होतं. काठ सोनेरी, म्हणजे आपला नव्हे, असं म्हणून.

"मेल्यावर उतरतो तो रंग. मग सगळेच काळे."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही 'हं' म्हणालात."

मास्तरांनी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

"भुंगेऱ्याहून लांब आहे," ती म्हणाली. "बरं, आता रंग सांगा."

"सोनेरी."

"चिठ्ठीवर लिहिता तसं नको. नीट सांगा." तिने डोळे मिटून घेतले.

मास्तर गडबडले. मग चाचपडत बोलू लागले. रेघ सगळीकडे सारखी नाही, खांद्याशी रुंद आहे. हात कलता केला की हिरवी होते. शाळेत रुजू झालीस त्या वर्षी तू एक स्वेटर घालायचीस, त्याची बटणं होती ना, उन्हात आली की दिसायची, तशी.

तेवढ्यात भुंगेऱ्याने पाय सोडले, पाठ उघडली आणि तो पानांत निघून गेला. मास्तर बोलत राहिले, रिकाम्या तळहाताकडे बघत.

"उडाला ना?" तिने विचारलं.

"केव्हाच."

"असू दे. तुम्ही सांगत राहा."