बुटांची तोंडं

ओसरीखालच्या चपट्या दगडावर हिदेमासाने बूट काढले आणि मागे न बघता तो वर चढला. किनुयो वाकली. त्याची जोडी दोन्ही हातांनी एकदम उचलली, फिरवली, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवली. निघताना पाय थेट बुटात जावेत म्हणून. लग्नानंतर सासूने शिकवलं होतं. तेव्हापासून कंबर आपोआप वाकायची.

स्वतःचे बूट फिरवायचे राहिले. लक्षात आलं, पण हात पुन्हा खाली गेला नाही.

मागून सहलीच्या बसमधल्या दोन म्हाताऱ्या आल्या.

"बघ, अजून नवऱ्याचे बूट फिरवणारी आहे कुणी. मी तर केव्हाच सोडलं."

"तू कुठे सोडलंस? तो गेला म्हणून सुटलं."

दोघी खिदळल्या. किनुयोने मान लववली, हसल्यासारखं केलं.

बाग.

लाल. तळ्यात लाल, शेवाळावर लाल, दगडी दिव्याच्या टोपीवर लाल. या घरात पूर्वी सामुराई राहत. आता तिकीट काढून कुणीही ओसरीवर बसतं आणि मेपलची पानं बघून अहाहा म्हणतं. किनुयोलाही पानं दिसत होती. एवढंच. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असतो आणि नसतो, तसं.

सोमवारची गाडी. अकिताला, धाकट्या बहिणीकडे, तिच्या मागच्या खोलीत. कायमची. हे नवऱ्याला आज सांगायचं होतं, आणि इथेच. घरात ती काही बोलू लागली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. इथे टीव्ही नव्हता.

वाक्य तयार होतं.

अहो, मी

एका मुलीने फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. हिदेमासाने काढून दिला. मग तो म्हणाला, गेल्या वर्षी रंग जास्त चढला होता. गेल्या वर्षी ते आलेच नव्हते.

अहो, मी सोमवारी

एक पान त्याच्या मांडीवर पडलं. त्याने ते झटकलं नाही.

"योशिएचा फोन आला होता," तो तळ्याकडे बघत म्हणाला. योशिए म्हणजे तिची बहीण. "तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा."

तिने त्याच्या मांडीवरच्या पानाकडे पाहिलं.

"गादी आणणारेस की तिकडेच घ्यायची, विचारत होती."

"काय सांगितलंत?"

"तिकडे थंडी फार. आपली जाड आहे, तीच पाठवतो म्हटलं."

आता काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. तळ्यातला मासा वर आला, तोंड उघडून मिटलं, खाली गेला. काही वाटलं नाही. तयार केलेलं वाक्य तोंडात तसंच होतं, चव गेलेल्या गोळीसारखं.

हिदेमासा गुडघ्यावर हात टेकून उठला. मोज्यांनीच ओसरीच्या काठापर्यंत गेला, आणि वाकला. इतक्या वर्षांत त्याची वाकलेली पाठ तिने पाहिली नव्हती. तिचे बूट अजून घराकडे तोंड करून होते. त्याने एक बूट उचलला, जागच्या जागी फिरवला, तोंड बाहेर करून ठेवला. मग दुसरा. जोडी एकदम उचलायची असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे.

"घाल," तो म्हणाला. "सावकाश. दगड ओला आहे."

किनुयो काठावर बसली. बुटांकडे बघत राहिली. मग त्यांना हात न लावता, पायांची कात्री करून, होते तसेच घातले.