बाटलीतले खडे

"अगं, बस ना. पाहुणी असल्यासारखी उभी काय?" सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. गादीची आरामखुर्ची त्यांनी आल्या आल्या बळकावली होती. उरली होती ती लाकडी.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीपर्यंत जाऊन आल्या.

मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन आठवडाही उलटला नव्हता. जखम ओली होती. सकाळी संडासात सासूबाईंनी ओरडू नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला होता आणि मग टबातल्या गरम पाण्यात शेकत बसल्या होत्या, पाणी फारच कढत आहे म्हणून सुनेच्या माहेरचा उद्धार करत. घराबाहेर मात्र सांगितलं होतं की पित्ताशयात खडे झाले होते, ते काढले. त्याला कारण होतं. याच जाऊबाईंना हेच दुखणं झालं तेव्हा सासूबाईंनी भर कार्यात, चारचौघींत, त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली होती. बायका पोट धरधरून हसल्या होत्या. आज बिंग फुटलं असतं, तर जाऊबाईंनी ते सव्याज फेडलं असतं.

जाऊबाई सासूबाईंची चाल निरखत होत्या. "अशी फेंगडी का चालतेस?"

"टाके ओढतात."

"पोटाचे?"

"मग आणखी कुठले असणार?"

"तेच विचारतेय मी." जाऊबाईंनी पाय लांब केले. "बरं, खडे कुठायत? बाटलीत घालून देतात म्हणे. आमच्या शेजारणीने तर येईल त्याला दाखवले."

'टाकून दिले' एवढं म्हटलं असतं तरी प्रकरण मिटलं असतं. पण कुणाच्या शेजारणीपेक्षा कमी ठरणं सासूबाईंना जन्मात जमलं नव्हतं. "दिलेत तर. चांगले मूठभर निघाले. डॉक्टरसुद्धा चाट पडले."

"बघू."

सून चहा घेऊन दारात उभी होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. अडला हरी, दुसरं काय. सुनेने ट्रे टेबलावर ठेवला, जाऊबाईंच्या हातात कप दिला, साखर पुरेशी आहे का विचारलं. तिला कसलीच घाई नव्हती.

"कुठे ठेवलेत गं ते?" सासूबाईंनी तिला विचारलं.

"काय, आई?"

"खडे."

"तुम्हीच सांगा ना. मला कुठे या घरात कशाला हात लावू देता?"

जाऊबाई पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "राहू दे गं, तिला कशाला पळवतेस? तू आधी बस बघू इथे. निवांत बोलू." त्यांनी लाकडी खुर्चीवर थोपटलं.

आता न बसणं म्हणजे कबूल करणं. सासूबाई बसल्या. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते लपवायला त्या खोकल्या, आणि खोकल्याने तर जीवच गेला. सून बघत होती. तिला दया आली नाही. सासूबाईंनाही ते कळलं, आणि मनातल्या मनात त्यांनी तिला जितकं बोलता येईल तितकं बोलून घेतलं. पण तोंडाने एवढंच म्हणाल्या, "आठव ना गं. बाळा."

'बाळा' ऐकून सून जरा थांबली. मग म्हणाली, "हो, बाल्कनीत ठेवलेत."

ती परत आली तेव्हा तिच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती. लेबल खरवडून काढलेलं, आत सात-आठ काळपट, ओलसर खडे. सासूबाईंनी ते लगेच ओळखले. कुंडीतून पाणी नीट निथळावं म्हणून त्यांनीच ते तळाशी घातले होते.

जाऊबाईंनी बाटली उजेडात धरली, कानाशी नेऊन हलवली, आणि त्यांचं तोंड उतरलं. "एवढाले धोंडे पोटात घेऊन वावरत होतीस," त्या म्हणाल्या. चहा अर्धा टाकून त्या उठल्या. पोचवायला कुणी गेलं नाही.

सासूबाई टेबल धरून कशाबशा उभ्या राहिल्या. "टाकून ये ते आधी."

सुनेने बाटली ओढणीने पुसली. शोकेसची काच सरकवून सासूबाईंच्या मुलाने शाळेत मिळवलेल्या कपांच्या पुढे, अगदी दर्शनी भागात ठेवली.

"राहू देत, आई. मोठ्या काकू आता सगळीकडे सांगतील. लोक बघायला येतील." तिने काच लावली. "कुणी विचारलंच, तर मी आहे ना सांगायला, कुठले आहेत ते."

सासूबाईंच्या जिभेवर नेहमीचं काहीतरी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. ठणका वाढत चालला होता.

"टबात पाणी काढतेस का गं गरम?"

"काढते ना."

सुनेने आपला कप उचलला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, सासूबाईंच्या समोर, आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली.

"चहा पिऊन होऊ दे," ती म्हणाली, आणि बशीत ओतून फुंकर घालू लागली.