लेथमधला कंप

भालचंद्ररावांनी जुन्या लेथला कॉम्प्युटर बसवला, हत्यारं बदलणारा टरेट घरीच बनवला आणि आपल्या हातांची प्रत्येक हालचाल त्याला शिकवली. ते गेल्यावरही लेथ त्यांच्याच हातानं काम करत होता. आता मात्र त्यावर कापल्या जाणाऱ्या लोखंडी शाफ्टवर बारीक लाटा उमटत होत्या.

“काकू, शिकवताना काकांचा हात थरथरत होता?” दुरुस्तीला आलेल्या तुषारनं विचारलं.

“नाही रे. कंप खूप नंतर आला.”

“मग यात कुठून आला? वाढतोय पण! माल परत येतोय. त्यांनी शिकवलेलं पुसून टाकतो.”

शैलजाबाईंनी आपोआप फिरणाऱ्या चाकावर तळवा ठेवला, जेवताना नवऱ्याच्या मनगटावर ठेवायच्या तसा. शाफ्ट गुळगुळीत कापला जाऊ लागला. त्यांनी हात उचलला. चाक पुन्हा थरथरलं.

“पुसू ना, काकू?”

त्यांनी तळवा परत ठेवला.

“थांब जरा. त्यांचं होऊ दे.”