पक्की दांडी

"आजी, डोळे मिटा आणि तोल गेलाय असं समजा," मिस्त्री म्हणाला. "हात आपोआप कुठे जातो ते बघू."

बाथरूमच्या मधोमध उभ्या राहून आजींनी डोळे मिटले. हात भिंतीकडे गेला. गार, गुळगुळीत टाइलवर बोटं टेकली तिथेच मिस्त्रीने टेपची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलने खूण केली. "हे तुमचं माप. आधाराला धरायची दांडी दुसऱ्याच्या मापाची कामाची नाही."

दारात आजींचा मुलगा उभा होता, फोन कानाला लावून. आजी त्यांच्या घरी एकट्या असताना पडल्या म्हणून त्याने त्यांना पंधरा दिवसांसाठी इथे आणलं होतं, त्याला दोन महिने होत आले. पाय आता बरा होता. काल त्या तीन मजल्यांचा जिना एकट्या उतरून चढून आल्या होत्या, आणि दम लागला नाही हे जेवताना सगळ्यांना तीनदा सांगून झालं होतं.

मिस्त्रीने टाइलवर टिचकी मारली. "पोर्सिलेन आहे. दगड परवडला. या टोकाला तीन, त्या टोकाला तीन, सहा भोकं पाडायची, म्हणजे सकाळ गेली. आणि एकदा पडलं की पडलं, टाइलचं भोक बुजत नाही. म्हणून विचारतो साहेब, किती दिवसांसाठी हवीय? महिना-दोन महिन्यांचं काम असेल तर चिकटवायची मिळते."

"तीच लावा," आजी म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी जातेय घरी."

मुलाने फोनवर हात ठेवला. "चिकटवायची नको. पक्की लावा."

मिस्त्री पिशवीत वाकला आणि हातातच असलेलं ड्रिलचं बिट शोधत असल्यासारखं करू लागला.

"पक्की कशाला रे?" आजींनी विचारलं.

"आई, आपण संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळपर्यंत भोकं पडतील."

मुलाने फोन बंद करून खिशात टाकला. तो पाणी जायच्या जाळीकडे बघत बोलला. "त्या घरात माणसं राहायला आलीत. एक तारखेपासून. नवरा-बायको दोघंच आहेत, चांगली आहेत. तुझी भांडी माळ्यावर नीट ठेवलीत."

निघताना आजींनी दुधाचं पातेलं ओट्यावर पालथं घातलं होतं, आल्या आल्या हाताशी असावं म्हणून. ते कुणी सुलटं केलं असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"तू रात्रभर पडून होतीस," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "सकाळी दूधवाल्याने मला फोन केला. तसला फोन मी पुन्हा नाही घेऊ शकत, आई."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

मिस्त्रीने ड्रिल हातात घेतलं, पण सुरू केलं नाही. "आजी, तुम्ही म्हणत असाल तर सांगतो, बिट आणायचं विसरलो म्हणून. पण मग उद्या दुसरा कुणी येईल. तो ड्रिल हॅमरवर टाकून धडाधड मारेल आणि टाइलचे तुकडे करून ठेवेल."

"केले तर?"

"नवी टाइल बसवतील. भिंत कुठे जातेय?"

आजींनी बादलीतून मग भरून घेतला. "पाणी मी घालते. कसं घालायचं?"

"बारीक धार धरा. थांबवायची नाही. पाणी थांबलं की बिट जळलंच."

त्याने बिट तिरकं धरलं. ते आधी टाइलवर घसरलं, मग नखाएवढी चंद्रकोर कोरली गेली, तसं त्याने हळूच ड्रिल सरळ केलं. आवाज दातांत गेला. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळून आजींच्या पायाशी आलं.

"दाबायचं नाही हिला," मिस्त्री आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "ही टाइल म्हणजे सासू. जोर केला की अडून बसते."

"मी सासूच आहे."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल."

"आता कुणी अडून बसत नाही हो," आजी म्हणाल्या.

पहिलं भोक आरपार गेलं. बिटाच्या पोकळीत अडकलेली बारीकशी चकती त्याने खिळ्याने ढकलून बाहेर काढली आणि पुढच्या खुणेवर आला. तिसऱ्या भोकाला आजींचा हात भरून आला, तेव्हा त्यांनी मग डाव्या हातात घेतला. धार मात्र तुटू दिली नाही. पाचव्या भोकाला मिस्त्री म्हणाला, "माझ्याकडे कामाला याल का?" तेव्हा त्या हसल्यासुद्धा.

जेवायच्या वेळेला दांडी बसली. मिस्त्रीने शेवटचा स्क्रू आवळला, फडक्याने भिंत पुसली आणि हाक मारली. मुलगा येऊन दारात उभा राहिला.

"धरून बघ बरं, आई."

"सगळा भार टाका आजी, बिचकू नका," मिस्त्री म्हणाला.

आजींनी एका हाताने दांडी धरली. मग दुसराही हात घातला आणि अंग मागे टाकलं. दांडी तसूभर हलली नाही.

"बघितलंत? शंभर किलोचा गडी लोंबकळला तरी निघायची नाही."

मुलगा समाधानाने हसला. "झालं ना? सोड आता."

आजींनी एक पाय उचलून भिंतीला लावला आणि दातओठ खाऊन दांडी पुन्हा ओढली.