न वाजणाऱ्या सुया

शालनच्या पलटणीतल्या नवऱ्यानं पठाणकोटहून गावी कुंडलला लोकर आणि विणायच्या सुयांच्या दोन जोड्या पाठवल्या. तिनं बांबूच्या निवडल्या. पोलादी सुया हाताला गुळगुळीत होत्या, पण एकमेकींवर वाजायच्या, आणि सासू बनुबाई लय तिखट कानाच्या. पोर पोटात असताना त्याचं अंगडं-टोपडं करायचं नाही, केलं तर पोर हाताला लागत नाही, ही बनुबाईंच्या घरची रीत. शालनला सातवा लागला होता. तरी रोज गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला बसून ती लाल-पिवळं टोपडं विणायची.

त्या दुपारी गोठ्याच्या दारात सावली पडली. शालनच्या हातातली सुई गळाली.

"आत्याबाई, चुकलं माजं. आत्ता उसवते." तिचे दात वाजत होते.

बनुबाई घरात गेल्या आणि ट्रंकेतून हिरव्या लोकरीचा गुंडा घेऊन आल्या. कधीतरी विणून उसवलेली लोकर, अजून कुरळीच होती.

"मी सायकलच्या तारांवर विणायची. सासूनं आवाज ऐकला, उसवाय लावलं." त्यांनी गुंडा सुनेच्या ओटीत घातला. "उसवूनबी माजं पयलं पोर ऱ्हायलं न्हाई गं. ह्यो तिसरा रंग धर."