नावापुढचं नाव

शालूची फारकत झाली, तरी सेलूतल्या कंपनीच्या चॅटवर तिच्या नावापुढं नवऱ्याचंच नाव झळकायचं. ते काढायला माणसाला सांगावं, तर आधी ‘का?’ आलं असतं. म्हणून दुपारी तिनं ऑफिसच्या एआय मदतनिसालाच लिहिलं, ‘माझं नाव बदलायचंय.’ त्यानं एवढंच विचारलं, ‘नवीन नाव काय ठेवू?’ वडिलांचं लावावं, तर ‘सासर सोडलंस तर इकडं यायचं न्हाई’ असं त्यांनीच बजावलं होतं. ती सासर सोडून निघाली, तेव्हा त्यांना न जुमानता देवगाव फाट्यावर तिला न्यायला आली होती ती आई. शालूनं फोन लावला. “आये, माज्या नावापुढं तुजं नाव लावू का?” “माजं? मेंढरामागं हिंडणारीचं? लोक हसतील की, बाई.” “हसू दे.” पलीकडं आईनं ओरडणाऱ्या मेंढरांना हाकारलं. मग आई म्हणाली, “लावायलीस तर नीट लाव. भागू न्हाई, भागुबाई लिव.”